'अल्पशा आजाराने' : एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण

आपल्या वार्षिकाच्या शेवटच्या पानावर दरवर्षी एक काळी चौकट असते. वर्षभरात जे आजी-माजी विद्यार्थी, शिक्षक, शिपाई वा हितचिंतक देवाघरी गेले, त्यांची नावे व त्यांच्याविषयी दोन-दोन ओळी तीत छापल्या जातात. यंदा त्यांपैकी एका नावापुढील मजकूर लिहिण्याचे काम संपादकांनी माझ्याकडे सोपविले. कारण तो मुलगा सहावीपासून दहावीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला होता. लेखणी उचलली आणि सवयीने लिहून गेलो : 'यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.' लिहिले आणि थबकलो. आजार अल्पसा नव्हता. तो नऊ वर्षे चालला होता, साऱ्या गावाच्या देखत चालला होता, आणि त्या आजाराचे नाव आपल्या बसथांब्यावरील शेंगदाणे विकणाऱ्या पोरालाही ठाऊक होते. ती चिठ्ठी मी फाडून टाकली व दोन ओळींच्या ऐवजी काही पाने मागून घेतली. संपादकांनी ती दिली याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्याचे नाव मी येथे देत नाही. त्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचे बोलणे चालू आहे, आणि 'नाव तेवढं नका लिहू' असे त्याच्या आईने हात जोडून सांगितले. ज्या लेखात झाकाझाकीविरुद्ध बोलावयाचे त्याचाच आरंभ झाकण्याने व्हावा, हे मला खुपते; पण त्या माउलीपुढे माझा युक्तिवाद टिकण्यासारखा नव्हता. वडनेरकरांना नाव सांगावयास नको, आणि परगावच्या वाचकांचे त्यावाचून काही अडत नाही.

अभ्यासात तो यथातथाच. बीजगणिताशी त्याचे कधी जमले नाही, आणि इंग्रजी धडा मोठ्याने वाचताना तो असा काही घामाघूम होई की वर्गाला हसू आवरत नसे. त्यालाही आवरत नसे. त्याच्याविषयीची माझी पहिली ठळक आठवण २००६ सालची आहे. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता तेव्हा रोज कानी येत. त्या वर्षीच्या जुलैत पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले व सहा जिल्ह्यांसाठी मदतीची घोषणा झाली. त्या सहांत आपला बुलडाणा जिल्हाही होता. मदत कागदावरून शिवारात यावयाची होती, इतक्यात त्याच्या वर्गातील एका मुलाचे वडील त्याच वाटेने गेले. दिवाळीनंतरचे दिवस. कापूस बोंडांतून फुटून लोंबत होता आणि घरात वेचावयास माणूस नव्हते. आमचा हा विद्यार्थी तीन सोबती घेऊन सलग चार दिवस त्या शेतात वेचणी करीत राहिला. शाळेत आल्यावर 'पोट दुखत होते' असे त्याने सांगितले. ते खोटे असल्याचे मला कळले, पण खरे काय ते कळले नाही. तेव्हा खोटे बोलल्याबद्दल मी त्यास दोन तास वर्गाबाहेर उभे केले. तो निमूटपणे उभा राहिला. खरी हकीकत संक्रांतीला त्या दुसऱ्या मुलाच्या आईने मला सांगितली, आणि तोवर हा ती विसरूनही गेला होता. माझ्या नावावरील हे पहिले देणे. पुढे आणखी आहेत.

दहावीनंतर त्याने पुस्तकांस रामराम ठोकला. आपले गाव मलकापूर आणि नांदुरा यांच्यामध्ये, धुळ्याकडून नागपूर-कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. त्या रस्त्याचा जुना क्रमांक ६, आताचा ५३. या रस्त्याने गावाला दुकाने दिली, धाबे दिले, आणि अपघातही दिले. काही दिवस दुसऱ्याच्या हाताखाली राहून तो काळी-पिवळी चालवू लागला. रस्त्यावर कोणी रक्ताच्या थारोळ्यात पडला असेल, तर त्या काळी बहुतेक वाहने वेग वाढवून निघून जात. माणसे दुष्ट होती असे नव्हे. जखमीला हात लावला तर जाबजबाब आणि कोर्टाचे हेलपाटे मागे लागतील याची त्यांस धास्ती असे. मदत करणाऱ्यास असा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली नियम बंधनकारक केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद आली. आमच्या या गड्याने कायद्याची वाट पाहिली नव्हती. तो भाड्याची माणसे रस्त्यावर उतरवी, त्यांचे पैसे परत करी, जखमीला आत घेई आणि मलकापूर किंवा खामगाव गाठी. आसनांवरील रक्ताचे डाग निघत नाहीत म्हणून गाडीचा मालक त्याच्या मजुरीतून पैसे कापून घेई. एकदा मी विचारले, 'असे किती दिवस चालणार?' तर म्हणाला, 'सर, तो मानूस मले पाहत व्हता. गाडी कशी पुढं न्यावं?' किती जणांना त्याने असे नेले याची नोंद त्याने ठेवली नाही, मीही ठेवली नाही. म्हणून आकडा सांगत नाही.

त्याच्या दारूची सुरुवात याच रस्त्यावर झाली, आणि या लेखात मला जे म्हणावयाचे आहे त्याचा उगमही येथेच आहे. एका रात्री एक लहान मूल दवाखान्याच्या वाटेवर त्याच्या गाडीत दगावले. परत आल्यावर त्याला झोप येईना. धाब्यावर चार वडीलधारी माणसे बसली होती. 'घे थोडी, झोप लागंल,' असे ती म्हणाली, आणि त्यांच्या परीने ती खोटे बोलत नव्हती. त्या रात्री झोप लागली. पुढे हा प्रघातच पडला. कोणाचे प्रेत शवविच्छेदनाच्या खोलीतून आणावयाचे असले, विहिरीतून काढावयाचे असले, की त्याला बोलावणे जाई आणि त्याच्या आधी बाटली पोहोचे. ज्यांचे माणूस त्याने वाचविले तेही पैसे देऊ करीत. पैसे तो घेत नसे, मग एखादी क्वार्टर त्याच्या खिशात कोंबून मोकळे होत. दयेची मजुरी आम्ही त्याला दारूत चुकती केली. बाटली ही कोणा दुर्जनाने भोळ्या तरुणाच्या हाती दिलेली वस्तू, असे आपण व्याख्यानांतून सांगत असतो. येथे दुर्जन कोणीच नव्हता. देणारे उपकार फेडीत होते, घेणारा त्यांचे मन मोडीत नव्हता, आणि पाहणारे आम्ही 'फार गुणाचा पोरगा, फक्त थोडी घेतो' असे म्हणून पुढे जात होतो.

२०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. त्यानंतर याच रस्त्याने जी माणसे पायी चालत गेली ती ज्यांनी पाहिली ते ती विसरणार नाहीत. मुंबई-नाशिककडून निघालेली, डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरे घेतलेली, छत्तीसगड, ओडिशा, बंगालच्या वाटेस लागलेली. गावाबाहेर कडुनिंबाखाली त्याने दोन माठ मांडले. पाणी पुष्कळ जण देतात. याची नजर गेली पायांकडे. घरोघर हिंडून त्याने जुन्या चपला गोळा केल्या, पोत्यात भरून झाडाखाली ओतल्या, आणि ज्याला जी बसेल ती त्याने न्यावी असा दरबार तेथे दोन महिने चालला. मी एके सकाळी तेथे उभा होतो. पेल्यात पाणी ओतताना त्याचे हात थरथरत होते व पाणी बाहेर सांडत होते. एका म्हाताऱ्या वाटसरूने पेला सोडून त्याचे मनगटच धरले आणि पाणी प्याला. हात का थरथरतात ते मला ठाऊक होते. मी त्याला शाबासकी दिली आणि घरी आलो. हे दुसरे देणे.

तिसरे सर्वांत मोठे. त्यानंतर दीड-दोन वर्षांनी त्याची आई माझ्या दारी आली. घर वारकऱ्यांचे, मुलाला शेगावला नेऊन गजानन महाराजांच्या पायांवर घालून झाले होते, तेथे दोन आठवडे निभावले होते. 'सर, तुमचं आयकते तो. तुमी त्याले शपथ घाला.' मला त्यात अभिमान वाटला, हे कबूल करतो. रविवारी संध्याकाळी त्याला बोलाविले, बैठकीच्या खोलीत समोर बसविले, पवित्र शास्त्रावर त्याचा हात ठेवविला आणि यापुढे थेंबही घेणार नाही असे त्याच्याकडून वदवून घेतले. मी प्रार्थना केली. तो रडला. त्याची आई रडली. मी त्या रात्री समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम सुटला, अन्न पोटात ठरेना, भिंतीवर मुंग्यांच्या रांगा चालताना दिसू लागल्या. मला बोलावणे आले. मी गेलो, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणालो, 'मन घट्ट कर.' त्या रात्री त्याला झटका आला. दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखे वाकले. शेजारच्या एका माणसाने, ज्याला आम्ही सभ्य लोक ओवाळून टाकलेला समजतो, धावत जाऊन बाटली आणली व दोन घोट त्याच्या ओठांत ओतले. थरथर थांबली. त्या दिवसापासून तो मला पाहिले की रस्ता ओलांडून पलीकडे जाई. शपथ मोडली होती ना! ज्या दारी त्याने कधीही यावे असे ते दार शपथ घालून मीच त्याला बंद केले होते.

त्या रात्री काय घडले ते मी पुढे एका डॉक्टरांकडून समजून घेतले. तेच मला आधी ठाऊक असते तर! वर्षानुवर्षे रोज मद्य घेणाऱ्या शरीराचे मज्जातंतू त्या मद्याला धरूनच आपला तोल सांभाळावयास शिकलेले असतात. ते एकाएकी काढून घेतले की पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, पुढील एक-दोन दिवसांत रोग्याला भ्रम होतो, आणि उपचार न मिळाल्यास काहींचा त्यातच अंत होतो. म्हणून अशा माणसाची दारू सोडवावयाची ती वैद्याच्या देखरेखीखाली. मज्जातंतू शांत करणारी औषधे उतरत्या मात्रेने देऊन, ब-१ जीवनसत्त्व देऊन, पाच-सात दिवस डोळ्यांत तेल घालून. यात मनाच्या घट्टपणाचा संबंध फार थोडा. मलेरियाने थडथडणाऱ्या पोरास 'मन घट्ट कर' असे मी कधी म्हटले नव्हते. अमेरिकेतील वैद्यक संघटनेने मद्यासक्ती हा आजार असल्याचे १९५६ साली मान्य केले. ते ज्ञान वडनेरातील एका पदवीधर मास्तराच्या बैठकीच्या खोलीत पोहोचावयास किती वर्षे लागली ते वाचकांनी मोजावे.

शपथेवरील हा विश्वास माझ्या एकट्याचा नाही. तो आम्हां मिशनच्या माणसांना वारशाने मिळाला आहे. १८४७ साली इंग्लंडातील लीड्स येथे 'बँड ऑफ होप' निघाला. लहान मुलांकडून मद्यत्यागाची प्रतिज्ञा घेणे हे त्याचे काम. तेथून ती चाल मिशनांबरोबर हिंदुस्थानातील शाळांतही आली. जो अजून प्यालाच नाही त्याच्यासाठी अशी प्रतिज्ञा चांगली. तिला मी नावे ठेवीत नाही. पण कुंपण घालणे निराळे आणि विहिरीत पडलेल्यास बाहेर काढणे निराळे. पडलेल्यास काठावरून 'शपथ घे' म्हणून ओरडणे, हे मी केले.

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले वा पाहिले असेल. गडकरी १९१९ च्या जानेवारीत आपल्या विदर्भातच, सावनेर येथे वारले, आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले. शंभराहून अधिक वर्षे आपण त्यातून एकच धडा घेत आलो : पहिला प्याला घेऊ नये. धडा खरा आहे. पण नाटकात आणखी एक जागा आहे, तिच्याकडे आमचे लक्ष जात नाही. मध्यंतरी सुधाकर दारू सोडतो. मनापासून सोडतो. मग कामासाठी जुन्या ओळखीच्या, प्रतिष्ठित माणसांच्या दारी जातो, आणि तेथून अपमान घेऊन परततो. त्यानंतर तो जो पुन्हा प्याल्याकडे वळतो, तो शेवटपर्यंत. तळीरामाला आपण सारे शिव्या देतो. त्या दारांमागील सभ्य गृहस्थांची नावे प्रेक्षकांच्या ध्यानातही राहत नाहीत. मला आता तेच पात्र आपले वाटते.

आणि येथे वारकऱ्यांच्या माळेविषयी एक शब्द लिहिणे न्यायाचे होईल. माळ घातली आणि दारू सुटली अशी माणसे आपल्या पंचक्रोशीत आहेत. मी ती पाहिली आहेत. पूर्वी मी त्याचे श्रेय शपथेला देत असे. आता वाटते, माळेबरोबर त्यांना संध्याकाळ मिळाली. दारू पिण्याच्या नेमक्या वेळेस हरिपाठ, बाजूला बसणारी चार माणसे, आषाढीला बरोबर चालणारी दिंडी, आणि एखादा दिवस आला नाही तर 'काहून आला नाही' म्हणून घरी येणारा टाळकरी. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे दोन मद्यासक्त गृहस्थांनी एकमेकांना आधार देत जी चळवळ सुरू केली, ती 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', तिचे बळही याच सोबतीत आहे. माझ्या शपथेत सोबत नव्हती. ती अर्ध्या तासात आटोपली, आणि सोमवारी मला शाळा होती.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला मी आजवर वर्गात कितीदा शिकविला असेल! यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर लुटलेला, अर्धमेला मनुष्य. त्याला पाहून बाजूने निघून गेलेला याजक व लेवी. आणि थांबलेला परका शोमरोनी. 'आपला शेजारी कोण' हा प्रश्न विचारून मी तास संपवीत असे. तो शोमरोनी त्या रात्री घरी परतल्यावर त्याला झोप लागली काय, हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता, कारण शास्त्रात तो नाही. पण ज्या गावात एकच शोमरोनी असतो आणि प्रत्येक अपघाताला त्यालाच हाक जाते, त्या गावात तो विचारला पाहिजे. आमच्या त्या तरुणाची दया ही आम्ही गावविहीर समजलो. जो तो येऊन पोहरा सोडून गेला. त्याच्या मनावर काय साचत होते ते कोणी विचारले नाही, कारण तो नेहमी हसत असे. दयाळू माणूस व्यसनी झाला म्हणजे 'एवढा चांगला, आणि असा कसा घसरला' असे आपण म्हणतो. कित्येकदा तो त्या चांगुलपणाच्याच ओझ्याखाली घसरलेला असतो.

शिवाय असा माणूस घसरला की आपण त्याचे मागचे आयुष्य पुसून टाकतो. महात्मा गांधींचे वडील चिरंजीव हरिलाल यांचे नाव निघाले म्हणजे मद्य आणि बापाशी वैर एवढेच लोकांना आठवते. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहात हाच तरुण वयाच्या विशी-बाविशीत, तरुण पत्नीस मागे ठेवून पुन्हापुन्हा तुरुंगात गेला होता आणि तेथील लोक त्याला कौतुकाने 'छोटे गांधी' म्हणत, हे कितीकांस ठाऊक आहे? १९४८ च्या जूनमध्ये, पित्याच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आत, मुंबईतील रुग्णालयात त्यांचा अंत झाला. शेवटची वर्षे खरी, आणि पहिली खोटी, असा हिशेब कोणत्या न्यायाने होतो?

याच्या उलट उदाहरण आपल्या वऱ्हाडातले आहे. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी खंगून अकाली गेले, ही गोष्ट बाबांच्या चरित्रांतून उघड सांगितलेली आहे. कोणी ती 'अल्पशा आजारा'खाली झाकली नाही. लहानग्या डेबूला आपला बाप कशाने गेला हे ठाऊक होते. म्हणूनच तो मोठा झाल्यावर, आपल्या मुलीच्या बारशाला मांस व दारू वाढण्याची जातीची चाल मोडून त्याने पंगतीला गोडाचे जेवण घातले. सारी भाऊबंदकी खवळली, तो हलला नाही. बापाचे मरण झाकून ठेविले असते, तर ते बळ त्याला कोठून मिळाले असते?

झाकण्याची किंमत किती, हे आकड्यांतही दिसते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. मद्यामुळे ज्यांना उपचाराची वा मदतीची गरज आहे अशी माणसे त्यात ५ कोटी ७० लाखांहून अधिक भरली. आणि जे पूर्णपणे मद्यावर अवलंबून आहेत त्यांपैकी ३८ जणांत अवघ्या एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे आढळले. उरलेल्या सदतिसांचे काय होते? सर्वांनाच दवाखाना दूर पडतो असे नाही. पुष्कळांच्या घरी या गोष्टीला आजार म्हणावयाची सोय नसते. तिला 'नाद' म्हणतात, 'भोग' म्हणतात, आणि मेल्यावर 'अल्पसा आजार' म्हणतात. या सदतिसांत आमचा एक होता. यकृत निकामी होऊन, डोळे हळदीसारखे पिवळे, पोट पाण्याने फुगलेले, अशा स्थितीत त्याला जेव्हा मोठ्या दवाखान्यात नेले तेव्हा करण्यासारखे फारसे उरले नव्हते. तेहतीस वर्षांचे वय. नेणारी गाडीही भाड्याची होती.

उपचार नाहीत असेही नाही. पुण्यास येरवड्याला 'मुक्तांगण' आहे. एका परिचिताच्या तरुण मुलाला 'गर्द'च्या विळख्यात सापडलेले पाहून डॉ. अनिल अवचट त्या विषयाच्या मागे लागले, त्यावर त्यांनी लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैशाचे पाठबळ दिले, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी हे केंद्र उभे केले. आज ती दोघेही हयात नाहीत. काम चालू आहे. तेथील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही की रुग्ण बाहेर पडल्यावरही त्याचा पाठपुरावा होतो, आणि घसरलेला परत आला तर त्याला पुन्हा आत घेतात. माझ्या बैठकीच्या खोलीत ती सोय नव्हती. ज्यांना पुणे दूर वाटेल त्यांच्यासाठी सरकारची व्यसनमुक्तीची दूरध्वनी-सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे; फोनला पैसे पडत नाहीत आणि नाव सांगण्याची सक्ती नाही.

माझ्या एका सहकाऱ्याने हा मजकूर वाचून विचारले, 'दारूने मेलेल्या पोराचे गोडवे शाळेच्या वार्षिकात गाइले तर मुले काय शिकतील?' प्रश्न प्रामाणिक आहे. पण मुले शिकत नाहीत असे कोणी सांगितले? आपली मुले वरातीत पाहतात, निवडणुकीत पाहतात, पोळ्याच्या संध्याकाळी पाहतात. गेल्या वर्षी तो रस्त्याकडेला पडलेला असताना आपल्याच आठवीतील दोघे त्याचे मोबाईलवर चित्र घेऊन हसत होते. तो कोण होता हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या दोघांपैकी एकाच्या काकांना त्यानेच खामगावला पोहोचविले होते, हेही त्यास ठाऊक नव्हते. सांगावयाचे कोणी? आम्हीच ना?

हा लेख छापावयास देण्यापूर्वी मी तो त्याच्या आईला वाचून दाखविला. माझ्या शपथेची हकीकत आली तेव्हा वाचणे मला जड गेले. ती म्हणाली, 'तुमी वाईटासाठी नाही केलं, सर. मीच आलते ना तुमच्या दारी.' मग थोडा वेळ थांबून म्हणाली, 'दारूनं गेला, हे लिहा. पन पानी पाजलं, थेबी लिहा.' शेवटच्या पानावरील चौकटीत मी तेच, तिच्याच क्रमाने, लिहून दिले आहे.

निघताना तिने माळ्याकडे बोट केले. टाळेबंदीतील उरलेल्या चपलांचे एक पोते अजून तेथे पडले होते. वसतिगृहातील मुलांना होतील काय, असे तिने विचारले. पोते मी सायकलवर घालून आणले. त्यांतील पुष्कळशा एकेकट्या आहेत. जोड्या लावण्याचे काम आठवीच्या मुलांनी शनिवारी सकाळी हाती घेतले असून, मोबाईलवर चित्र घेणारे ते दोघेही त्यांत आहेत.